मागे पडणारं घड्याळ

शॉमबर्गला आम्ही राहत होतो तेव्हा रोज सकाळी आठच्या सुमारास माझा फोन वाजायचा. मी उचलला की पलीकडून प्रश्न यायचा, "किती वाजले?" मी बघून सांगायचे, "आठ वाजून चार मिनिटं." पलीकडून "बरोबर" असा शेरा यायचा आणि फोन बंद व्हायचा. वेळ माहीत नाही म्हणून जो विचारतो, त्यानेच आपल्या उत्तराला बरोबर म्हणावं, यात काहीतरी चुकतंय असं मला नेहमी वाटायचं. पण सकाळी आठ वाजता माझा नवरा मोजे शोधत असतो, गॅसवर दूध असतं आणि माझी मीटिंग तोंडावर आलेली असते. अशा वेळी तत्त्वाचे वाद घालता येत नाहीत.

फोन करणारे काका आमच्या शेजारी राहायचे. टाउनहाउसची रांग होती, त्यांची आणि आमची भिंत एकच. त्यांच्याकडे ठोकाठोकी सुरू झाली की आमच्या हॉलमधला फोटो तिरका व्हायचा. काका सत्तरी ओलांडलेले, उंच, थोडे पुढे झुकलेले. तरुणपणी पुण्याहून इंजिनियर होऊन इकडे आले, आयुष्यभर एका कंपनीत पंपांची डिझाइन्स केली आणि रिटायर झाले. काकू आम्ही येण्याच्या आधीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी कॅलिफोर्नियात. काका सगळ्यांशी अहोजाहोने बोलत. समोरच्या बाईंचा कुत्रा अंगणात आला तरी "या, बसा" म्हणत. एकेरीवर ते फक्त मुलीशी आणि यंत्रांशी येत.

आमची ओळख रस्त्याच्या टोकाला जिथे सगळ्यांच्या मेलबॉक्स आहेत तिथे झाली. मी नवीन होते. एक उंच गृहस्थ समोर आले, मी मराठी आहे की नाही याची चौकशी न करता म्हणाले, "किती वाजले?" मी फोन काढून वेळ सांगितली. त्यांनी डाव्या मनगटावरचं जुनं किल्लीचं घड्याळ कानाशी धरलं, काटे पुढे सरकवले, आणि माझा नंबर मागितला. "तुम्ही बघून सांगता," ते म्हणाले. "इथे बहुतेक लोक अंदाजाने सांगतात." हे कौतुक आहे हे कळायला मला जरा वेळ लागला.

माझ्याआधी या कामावर दोघे-तिघे होऊन गेले होते. एक गृहस्थ "आठ झाले असतील" असं म्हणायचे, त्यांना काढून टाकलं. दुसऱ्यांनी एकदा "काका, तुमच्या मायक्रोवेव्हवर बघा ना" असं सुचवलं, त्यांच्याशी तर बोलणंच बंद झालं. माझा नवरा नागपूरचा. एकदा मी अंघोळीला गेले असताना त्याने फोन घेतला आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आठ वाजून राहिले, काका!" मग काका म्हणाले, "त्या आल्या की फोन करायला सांगा." नवऱ्याने त्या दिवसापासून कानाला खडा लावला.

खरं तर काकांच्या घरात घड्याळांना तोटा नव्हता. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. इथे उन्हाळ्यासाठी सगळे आपली घड्याळं एक तास पुढे करतात, पण स्टोव्हवरचं घड्याळ त्यांनी कधीच पुढे केलं नव्हतं. तास पुढे करायचा निर्णय सरकारचा आहे, सरकारने आपली घड्याळं फिरवावीत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते वर्षातले चारेक महिने बरोबर असायचं. मायक्रोवेव्हचे आकडे लाइट गेल्यापासून उघडझाप करत होते. मुलीने दिलेला मोबाइल ड्रॉवरमध्ये होता आणि "चार्ज होतोय" असं आम्ही तिथे असेपर्यंत सांगितलं जायचं. बोलायला त्यांच्याकडे वायरचा जुना फोन होता. त्याचा रिसीव्हर दोनदा फुटलेला आणि दोनदा चिकटवलेला.

चिकटवणं, जोडणं, तासणं, पुन्हा जोडणं हा काकांचा दिवसभराचा उद्योग. "वस्तू बिघडत नाही हो, माणसाला कंटाळा येतो," असं ते म्हणायचे. कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी ते गाडीच्या आधी फेरी मारायचे आणि लोकांनी बाहेर ठेवलेले दिवे, पंखे, खुर्च्या घेऊन यायचे. त्यांचं गॅरेज यात भरलं होतं आणि गाडी बारा महिने बाहेर बर्फात उभी असायची. त्यांच्याकडे बसायला गेलं की आधी सूचना मिळायच्या. या खुर्चीवर पुढे सरकून बसा, त्या खुर्चीवर मागे टेकू नका, आणि तिसरीवर शक्यतो मीच बसतो. पुढचं दार उघडायला किल्ली फिरवताना दार वर उचलावं लागायचं. अडीअडचणीला म्हणून एक किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली होती. ती त्यांनी स्वतः कानशीने घासून बनवली होती, म्हणून दार उचलून शिवाय जरा डावीकडे दाबावंही लागायचं.

माझा साताऱ्याहून आणलेला मिक्सर बंद पडला तेव्हा मी नवीन घ्यायला निघाले होते. काकांना भिंतीतून कसं कळलं देव जाणे, ते दारात हजर. मिक्सर दोन दिवस त्यांच्याकडे राहिला आणि चालू होऊन परत आला. फक्त तो चालत असताना झाकणावर कोपराने सतत दाब द्यावा लागायचा. "हात मोकळेच राहतात की तुमचे," काका म्हणाले. त्यानंतर मी जेवढ्या चटण्या केल्या तेवढ्या कोपराने केल्या. नवीन मिक्सर आणून कपाटात लपवला होता, पण काकांना आवाज ओळखू येईल या भीतीने तो मी कधी लावला नाही.

अशा माणसाचं स्वतःचं मनगटी घड्याळ मात्र रोज मागे पडायचं. सकाळी लावलं की दुसऱ्या सकाळपर्यंत चांगलं दहा-पंधरा मिनिटं मागे. ते त्यांना लग्नात सासऱ्यांनी दिलं होतं. त्या काळी जावयाला घड्याळ द्यायची पद्धतच होती. तबकडी पिवळी पडलेली, पट्टा कितवा तरी. मी एकदा विचारलं, "काका, जगाच्या वस्तू दुरुस्त करता, मग हे का नाही करत?"

"याला काय झालंय?"

"मागे पडतं ना."

"मग? बंद पडलेलं दुरुस्त करायचं असतं. मागे पडलेल्याला नुसती वेळ सांगायची असते." एवढं बोलून त्यांनी घड्याळाला किल्ली दिली. मी हात टेकले आणि घरी आले.

आमच्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात काका ड्राइव्हवेवर घसरले. फार लागलं नाही, पण डोळा काळानिळा झाला आणि तो व्हिडिओ कॉलवर मुलीला दिसला. व्हिडिओ कॉल माझ्याच फोनवरून चालायचा, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या देखत झालं. मुलगी इथेच वाढलेली, मराठी चांगलं बोलायची, पण रागावली की इंग्लिशमध्ये जायची. पंधरा दिवसांनी तिने एक नवीन तऱ्हेचं घड्याळ पाठवलं. माणूस पडला की त्याला कळतं. ते आधी विचारतं, पडलात का? उत्तर आलं नाही, तर स्वतःच इमर्जन्सीला फोन लावतं.

"बाबा, प्लीज, ऐका," मुलगी म्हणाली. "एकतर हे घड्याळ घाला, नाहीतर घर विकून आमच्याकडे या. आय कान्ट डू धिस एव्हरी विंटर."

"माझ्याकडे घड्याळ आहे."

"ते टाइम पण नीट दाखवत नाही, बाबा!"

"वेळ यांच्याकडे असते," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी उगाच फोन सरळ धरला. मग ती म्हणाली, "आय ॲम सीरियस. घड्याळ ऑर घर." आणि ती खरंच सीरियस होती. तिने इकडच्या एका एजंटशी बोलूनही ठेवलं होतं.

मुलीचा फोन संपल्यावर काका म्हणाले, "नवीन माणूस येईल आणि दार बदलून टाकेल हो." फक्त दाराबद्दल बोलले, पण मला वाईट वाटलं. काकूंनी परसात लावलेला कढीपत्ता दर थंडीत कुंडीसकट आत यायचा, बेसमेंटमध्ये दिव्याखाली राहायचा आणि वसंतात बाहेर जायचा. कॅलिफोर्नियाला कढीपत्ता नेता येत नाही, तिथे त्याला बंदी आहे, ही माहिती त्यांनी कधीच काढून ठेवलेली होती. तेव्हा त्यांनी नवीन घड्याळ घातलं. डावं मनगट भरलेलं असल्यामुळे ते उजव्यावर गेलं.

त्या वर्षी गणपतीला आम्ही नेहमीप्रमाणे काकांकडे होतो. आणखी तीन-चार घरं होती, मुलं होती, ओट्यावर उकडीचे मोदक होते. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, आणि काका नमस्काराला गेले. काकांचा नमस्कार म्हणजे साष्टांग, आणि तोही एकदम. उभा माणूस क्षणात आडवा व्हायचा, जमीन हादरायची, आणि मग ते हात पुढे जोडून, कपाळ टेकून, बराच वेळ तसेच पडून राहायचे. दरवर्षीचं होतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. उजव्या मनगटाने दिलं. ते आधी थरथरलं, मग पिंपिं करायला लागलं, आणि मग गणपतीच्या पायांशी एका बाईंचा आवाज आला.

"सर, धिस इज नाइन वन वन. आर यू ऑन द फ्लोअर?"

"यस," काका कपाळ न उचलता म्हणाले.

"कॅन यू गेट अप?"

"यस. बट नॉट नाउ."

"सर, इज समवन विथ यू?"

काकांनी विचार केला. "एव्हरीबडी," ते म्हणाले.

या उत्तराने बाईंचं समाधान झालं नसावं. माझ्या नवऱ्याने पुढे होऊन "ही इज प्रेइंग, मॅम, प्रेइंग!" असं ओरडून सांगितलं, पण नागपुरी मोठ्या आवाजात ते ऐकल्यावर तिकडे काळजी कमी होण्याऐवजी वाढली. काका नमस्कार पुरा करून उठेपर्यंत रस्त्यावर सायरन आला. दारात तीन धिप्पाड माणसं, हातात पेट्या. काकांनी त्यांना "या, बसा" म्हटलं आणि बूट बाहेर काढायला सांगितले. ते बूट काढायला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बरंच काही सोडावं लागतं, पण त्यांनी काढले. मग काकांचं ब्लडप्रेशर घेतलं, ते जास्त निघालं. "बघा," काका आम्हाला म्हणाले, "घड्याळाने वाढवलं." तिघांनाही मोदक दिले. त्यातल्या सगळ्यात तरुण माणसाने तूप घालून चार खाल्ले आणि धिस इज लाइक अ डम्पलिंग असं म्हणाला. काकांनी त्याला घरासाठी दोन बांधून दिले.

संध्याकाळी मुलीला हे समजलं तेव्हा तिला हसावं की रडावं ते कळेना. "ओके, बाबा, पूजेच्या वेळी काढून ठेवत जा," ती म्हणाली. काकांनी ही सूचना मनापासून पाळली. पूजेच्या वेळी घड्याळ काढून देवापुढे ठेवलं. देव्हाऱ्यापाशी विजेच्या समईसाठी प्लग होताच, तिथेच त्याचं चार्जिंग सुरू झालं. मग ते तिथेच राहिलं. सकाळी पूजेत बाळकृष्णाला गंध लावताना त्याच्याही काचेला गंध लागायला लागलं. मुलगी फोनवर विचारायची, "घड्याळ कुठे आहे, बाबा?" काका म्हणायचे, "देवापुढे." तिला वाटायचं, पूजा चालली असेल. काका खोटं कधी बोलत नसत. लोकांना जे वाटायचं ते वाटू देत.

मी सांगायला हवं होतं का तिला? दोनदा फोन हातात घेतलाही होता. पण काकांच्या शेजारी राहून त्यांची चहाडी करणं मला जमेना, आणि शिवाय माझ्या मनात होतं की रोज सकाळी आवाज तर ऐकतेच आहे मी.

आणि मग त्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला नाही.

आधी मला बरं वाटलं, हे कबूल करते. दूध उतू गेलं नाही, चहा गरम असताना प्यायले. मग मी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले. कुणीतरी काहीतरी सांगत होतं, आणि मी स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघत होते. ती वेळ मला कुणी विचारली नव्हती. हे इतकं टोचायला लागलं की मी मीटिंग अर्धवट सोडली, त्यांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. भिंतीला कान लावला, ठोकाठोकी नाही. स्वेटर अंगात अर्धवट घालत मी धावले, दार वर उचललं, डावीकडे दाबलं, आणि हाका मारत आत गेले.

काका बेसमेंटच्या जिन्याच्या पायथ्याशी होते. कढीपत्त्यावरचा दिवा दुरुस्त करायला उतरताना शेवटची पायरी चुकली होती. भिंतीला पाठ टेकून, एक पाय वेडावाकडा पसरून, हातात पेचकस घेऊन बसले होते. चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाले, "किती वाजले?"

"साडेआठ होऊन गेलेत काका! काय झालं हे?"

"होऊन गेलेत म्हणजे किती?"

मी रडकुंडीला येऊन फोन बघितला. "आठ बत्तीस."

"बरोबर," ते म्हणाले, आणि काटे लावले. "पाय बहुतेक बंद पडलाय. बघा, दुरुस्त होण्यासारखा आहे का."

मी फोन लावला. सायरन आला, दार उघडंच होतं. येणाऱ्यांमध्ये तो मोदकवाला तरुण होता. घर बघताच तो सवयीने उंबऱ्यावर वाकून बूट सोडायला लागला. "टेल हिम," खालून काकांचा क्षीण आवाज आला, "टुडे इज ओके." स्ट्रेचरवरून त्यांना हॉलमधून नेलं तेव्हा देव्हाऱ्यात ते नवं घड्याळ गंध लावून हिरवा दिवा दाखवत होतं. शंभर टक्के चार्ज झालेलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सर्जनने सांगितलं की दोन मार्ग आहेत. स्क्रू घालून तेच हाड जोडायचं, किंवा सांधाच बदलून टाकायचा. या वयात बदललेला बरा. "रिपेअर फर्स्ट," काका म्हणाले. सर्जनने पुन्हा समजावलं. काकांनी स्क्रूचं माप विचारलं, धातू कोणता ते विचारलं, हाडाला किती भार पेलवेल याचं चित्र चादरीवर बोटाने काढून दाखवलं. शेवटी गुंगीचं औषध चढलं आणि वाद सर्जन जिंकला. ज्याने आयुष्यात खुर्चीचा पाय बदलला नाही, त्याचा खुबा बदलला गेला. शुद्धीवर आल्यावर जुना तुकडा परत मागितला. तो मिळाला नाही, याचं त्यांना कायमचं दुःख राहिलं.

मुलगी त्याच दिवशी विमानाने आली. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातलं घड्याळ बघितलं आणि तिचा बांध फुटला. काचेवरचं गंध ओढणीने घासत म्हणाली, "ही वॉज लाइंग देअर, आणि हे इथे पूजा करून घेत होतं!" मग जिन्यावर बसून खूप रडली. मी पाणी दिलं, दुसरं काय करणार? संध्याकाळी तिने एजंटला फोन केला आणि घर विकायचं नक्की केलं. तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

काकांना व्यायामासाठी एका रिहॅब सेंटरमध्ये हलवलं होतं. तिने तिथे जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले. मला हे फार वाईट लक्षण वाटलं. त्यांच्या मनगटावर घड्याळही नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये काढलेलं, पिशवीत घालून मुलीकडे दिलेलं, किल्ली न मिळाल्याने बंद पडलेलं. पडताना त्याची काच तडकली होती. मी रोज भेटायला जायचे, आणि एकदाही त्यांनी मला किती वाजले असं विचारलं नाही. एक दिवस मी आपणहून सांगितलं, "काका, सव्वाचार झाले." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "असतील." अंदाजाने बोलणाऱ्यांना कामावरून काढणारा माणूस "असतील" म्हणाला. मी गाडीत येऊन बसले आणि मला रडू आलं.

निघायच्या आधी बाबांना काहीतरी बरं वाटावं म्हणून मुलीने ते घड्याळ दुरुस्त करून द्यायचं ठरवलं. मला सोबत घेऊन ती मॉलजवळच्या एका घड्याळवाल्याकडे गेली. त्याने घड्याळ उघडून, डोळ्याला भिंग लावून बघितलं आणि सांगितलं की आतून धड आहे. सगळं साफ करून, तेल घालून, चाल नीट बसवून दिली तर मिनिटाचाही फरक पडणार नाही. एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन घेतलेलं सोपं, असंही तो म्हणाला, पण जुनं हवं असेल तर जुनं. मुलगी लगेच म्हणाली, "फिक्स इट. ऑल ऑफ इट." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ॲट लीस्ट तिकडे ते रोज कुणाला तरी टाइम विचारत बसणार नाहीत. सगळे हसतात त्यांना." आणि जरा थांबून तिने विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं? बाबा पडलेत ते?"

"फोन आला नाही," मी म्हणाले.

"कुठला फोन?"

"किती वाजले विचारायचा. रोज आठला येतो. घड्याळ मागे पडतं ना, म्हणून."

ती काउंटरवरच्या उघड्या घड्याळाकडे बघत राहिली. "आईला विचारायचे," ती म्हणाली. "एव्हरी मॉर्निंग. ती किचनमध्ये असायची, बाबा वरून ओरडायचे, किती वाजले गं? आणि ती ओरडून सांगायची. मी शाळेत असताना मला इतकं एम्बॅरसिंग वाटायचं. आय थॉट दे वर फाइटिंग."

घड्याळवाल्याने पावती करायला घेतली होती. मुलीने त्याचा हात धरला. खरोखरच धरला, तो दचकला.

"जस्ट द ग्लास," ती म्हणाली. "डोन्ट टच द इनसाइड."

"मॅम, इट विल कीप लूझिंग टाइम."

"यस," ती म्हणाली. "आय नो."

त्याला आम्ही दोघी वेड्या वाटलो असणार, आणि तसं वाटायला त्याला पूर्ण वाव होता. काच बसवून होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, आणि गाडीत बसल्यावर तिने एजंटला फोन करून सगळं कॅन्सल केलं. मग तिथूनच रिहॅब सेंटरला गेलो. तिने बाबांच्या डाव्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि म्हणाली, "बाबा, घर नाही विकायचं. पण मला पण फोन करायचा रोज. टाइम विचारायला."

"तुझ्याकडे तेव्हा सहा वाजलेले असतात."

"आय विल बी अप."

काकांनी घड्याळाला किल्ली दिली आणि ते कानाशी धरलं. बराच वेळ धरून बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "किती वाजले?" मी बघून सांगितलं. इतकी चोख वेळ मी आयुष्यात कुणाला सांगितलेली नाही.

पुढे एकदा, घरी परतून काठी घेऊन हिंडायला लागल्यावर, मी त्यांना छेडलंच. "काका, खरं सांगा, तुम्ही मुद्दाम दुरुस्त करत नव्हता ना ते?" काका तेव्हा त्याच काठीची मूठ बदलून पाहत होते. "तुमचा मिक्सर कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी चालतोय म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी मिळाली आणि आम्ही पिस्कॅटवेला जायचं ठरलं. सांगायला मी काकांकडे गेले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिकडे एक तास पुढे असतं ना?"

"हो."

"मग तुमचा उपयोग नाही. उद्यापासून फक्त मुलीला विचारीन."

"अहो, मुलीचं तर दोन तास मागे आहे!"

"ती मुलगी आहे," काका म्हणाले. "तिची वेळ चुकीची असली तरी चालते."

मला राग आला. इतकी वर्षं दूध उतू घालवून केलेली नोकरी, आणि निरोप असा. किल्ली परत द्यायला लागले तर म्हणाले, ठेवा, ती दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. मिक्सर सामानात घातला. नवीन मिक्सर कपाटातून निघाला तेव्हा तो काकांनी बघितला, आणि ट्रकमध्ये चढवायला हात लावला.

पिस्कॅटवेला सगळं चांगलं आहे. देशी दुकानं हाकेच्या अंतरावर, भिंतीपलीकडे कुणीही नाही, फोटो सरळ राहतो. फक्त सकाळी नऊच्या सुमाराला मी चहा घेऊन उगाचच फोनजवळ घुटमळायचे. नवऱ्याच्या हे लक्षात आलं होतं. एकदा तो दारातून म्हणाला, "नऊ वाजून राहिले," आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

महिना होऊन गेला असेल. एका सकाळी फोन वाजला. नंबर शॉमबर्गचा.

"किती वाजले?"

"नऊ वाजून सहा मिनिटं," मी म्हणाले, आणि घाईघाईने जोडलं, "म्हणजे तुमचे आठ सहा." मग विचारलंच, "काका, तुम्ही तर आता मुलीला विचारता ना?"

"विचारतो. आत्ताच विचारलं. पण ती बरोबर सांगते की नाही हे कुणी तपासायला नको?"

"मग? सांगते का बरोबर?"

पलीकडे काटे सरकवल्याची किरकिर ऐकू आली.

"एका दिवसावरून काय कळणार?" काका म्हणाले. "उद्या परत विचारतो."